स्थळ : १४२८५७

पंचवटी एक्स्प्रेसमध्ये समोर बसलेल्या माणसाचं आडनाव विचारल्याशिवाय आपल्याला इगतपुरीच्या पुढे जाता येत नाही. आडनाव कळलं की मूळ गाव. गाव कळलं की 'तिथल्या अमक्यांचे तुम्ही कोण?' तिथेही काही जुळलं नाही, तर निदान 'तुमच्याकडे गौरी खड्याच्या की मुखवट्यांच्या?' एवढं तरी. उत्तर काहीही आलं तरी आपण मान डोलावून 'तरीच' म्हणतो. तरीच काय, ते त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. पण माणूस कुठल्या तरी खणात गेला, आता डब्यातली चिक्की त्याच्यापुढे करायला हरकत नाही.

ही खोड फक्त आपलीच आहे असं मानणाऱ्यांनी एकदा गणितज्ञांकडे बघावं. ते हेच करतात, आणि करतात बिचाऱ्या संख्यांच्या बाबतीत, ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. तुमच्याआमच्या दृष्टीने संख्येला एकच काम : मोजणं. दोन किलो बटाटे घेतले, दोनाचं काम संपलं, दोन घरी गेला. गणितज्ञ मात्र त्याला दारात अडवतो. तुमचे विभाजक किती? त्यांची बेरीज केली तर तुमच्याएवढी भरते का? अंकांची बेरीज? वर्ग केल्यावर कसे दिसता? आणि या चौकशीतून जे निघेल त्याचं लेबल कपाळावर. कुणी परिपूर्ण, कुणी न्यून, कुणी मित्र, कुणी विचित्र, कुणी आनंदी, कुणी भाग्यवान. 'सभ्य' नावाचाही एक वर्ग आहे. सलग पूर्ण संख्यांच्या बेरजेत मांडता आली की संख्या सभ्य. या हिशेबाने दोन, चार, आठ, सोळा वगैरे दोनाचे घात तेवढे असभ्य ठरतात, आणि जगातले सगळे संगणक नेमके त्यांच्यावरच चालतात.

ही खोड जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास गेरासा इथे, म्हणजे आजच्या जॉर्डनमधल्या जेराशमध्ये, निकोमाकस नावाचे गृहस्थ होऊन गेले. संख्येला तिच्याशिवायच्या तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज करायला लावायची, आणि बेरीज किती येते त्यावरून तिची लायकी ठरवायची, ही रीत त्यांनी पुस्तकात घालून दिली. सहाचे विभाजक एक, दोन, तीन, बेरीज सहा, म्हणून सहा परिपूर्ण. बाराची बेरीज सोळा होते, म्हणजे बारा अतिरिक्त. आठाची सातच भरते, आठ न्यून. एवढ्यावर थांबले असते तर गणित झालं असतं. पण निकोमाकस पुढे जाऊन सांगतात की अतिरिक्त संख्या म्हणजे जास्तीची तोंडं आणि जास्तीचे अवयव असलेले प्राणी, आणि न्यून संख्या म्हणजे एखादा डोळा किंवा हात कमी असलेले. लग्नाच्या मांडवात खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याबद्दल बोलणाऱ्या मंडळींची भाषा गणितात शिरली ती इथे. पुढे ती बाहेर पडलीच नाही.

तेव्हा मी म्हटलं, चौकशी करायचीच तर रीतसर करू. एखादी भरघोस संख्या घ्यावी, तिची पत्रिका मांडावी आणि अनुभवी माणसाला दाखवावी. संख्या निवडली १४२८५७. अनुभवी माणूस म्हणजे आमची डोंबिवलीची मावशी. तिने इतकी लग्नं जमवली आहेत की तिच्या इमारतीत नुसतं 'काय म्हणतंय चिरंजीव?' असं विचारलं तरी लोक मुलाचा फोटो काढून देतात.

"मावशी, एक स्थळ आहे. सहा अंकी."

मावशीने चष्मा डोळ्यांवर घेतला. "महिन्याला की वर्षाला?"

"तसं नाही. स्थळच संख्या आहे. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न."

"म्हणजे महिन्याला. हातात येतात की कापून जायचेत अजून?"

हे जरा समजवावं लागलं. पण मावशीचं एक आहे, चौकशीची चौकट पक्की असली की स्थळ माणूस आहे की संख्या, याने तिचं अडत नाही. "बरं," ती म्हणाली, "घराणं सांग."

घराणं सातांचं. एकाला सातांनी भागायला घेतलं की भागाकार संपतच नाही, ०.१४२८५७१४२८५७ असा हेच सहा अंक पुन्हा पुन्हा ओकत राहतो. शाळेत पाय ऐवजी बावीस सप्तमांश वापरणाऱ्या प्रत्येकाने या स्थळाशी हस्तांदोलन केलेलं आहे, कारण बावीस सप्तमांश म्हणजे ३.१४२८५७ आणि पुन्हा तेच. खरा पाय ३.१४१५ असा जातो. तिसऱ्या दशांश स्थळापासून आपण पायाशी नव्हे, या सातांच्या मुलाशी बोलत असतो.

"आता स्वभाव," मावशी म्हणाली.

स्वभाव मात्र खरोखर बघण्यासारखा आहे. १४२८५७ ला दोनाने गुणा : २८५७१४. तीनाने : ४२८५७१. चाराने ५७१४२८, पाचाने ७१४२८५, सहाने ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात कुठून करायची ते बदलतं. अशा संख्येला चक्रीय म्हणतात. असे चक्रीय गृहस्थ आणखीही आहेत. एकाला सतराने भागल्यावर सोळा अंकांचा एक निघतो, एकोणिसाने भागल्यावर अठरा अंकांचा. पण ते सगळे पुढे शून्य लावून हिंडतात. सतराचे चिरंजीव ०५८८२३५२९४११७६४७ असे आहेत. पुढे शून्य न लावता ताठ मानेने उभा राहणारा दशमान पद्धतीतला एकटा हाच.

"म्हणजे कुठेही नेऊन बसवा, वळण तेच राहतं," मावशीने सार काढलं. "आणि सातांशी गाठ पडली की?"

"सातांनी गुणलं की सगळं सोडून ९९९९९९ होतो."

"होणारच. सातव्या पावलाला भले भले बदलतात."

इथपर्यंत छान चाललं होतं. मग मी विभाजकांचा कागद काढला. १४२८५७ म्हणजे तीनाचा घन, गुणिले अकरा, गुणिले तेरा, गुणिले सदतीस. एकूण विभाजक बत्तीस. गोतावळा मोठा. पण स्वतःला वगळून त्या एकतीस जणांची बेरीज केली तर १,१२,५०३ भरते. तीस हजार तीनशे चोपन्नाची तूट. निकोमाकसच्या भाषेत, स्थळ न्यून.

"एकतीस माणसं घरात आणि तरी आतबट्ट्याचा व्यवहार," मावशी म्हणाली. "पुढे बोल."

पुढे म्हणजे आनंद. संख्या आनंदी आहे की नाही हे तपासायची एक कसोटी आहे. अंकांचे वर्ग करून मिळवायचे, आलेल्या उत्तराच्या अंकांचे पुन्हा वर्ग करून मिळवायचे, असं करत शेवटी एक आला तर संख्या आनंदी. आमच्या स्थळाचे आले १५९. मग १०७, ५०, २५, २९, ८५, ८९. आणि एकोणनव्वदला पोचलं की संपलं, तिथून आठ थांब्यांचं एक चक्र आहे आणि त्यातून सुटका नाही. स्थळ आनंदी नाही. दुसरी कसोटी द्विमान पद्धतीची. एक आणि शून्य एवढ्यातच लिहायचं आणि एक किती वेळा येतो ते मोजायचं. सम वेळा आला तर संख्येला इंग्रजीत 'इव्हिल' म्हणतात, विषम वेळा आला तर 'ओडियस'. पर्याय दोनच, दुष्ट किंवा किळसवाणा. आजवर जन्माला आलेली एकही संख्या यातून सुटलेली नाही. १४२८५७ चं रूप १०००१०१११०००००१००१ असं होतं, त्यात एक सात वेळा. किळसवाणा.

"अरे, न्यून, दुःखी आणि वर हे," मावशी म्हणाली. "मुलाकडच्यांनी कागद लपवायला शिकलं पाहिजे."

मग मी ठेवणीतला कागद काढला. "मावशी, हा मुलगा हर्षद आहे."

"नाव आधी सांगायला काय झालं होतं!"

हर्षद हे नाव नाही, पदवी आहे, आणि ती देणारा विद्यापीठाचा कुलगुरू नव्हता, देवळालीच्या शाळेतला शिक्षक होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. वडील पेशाने कारकून, पण ओढा सगळा ज्योतिषाकडे. पत्रिका मांडायला गणिताची खोली लागत नसली तरी आकडेमोड पुष्कळ लागते, आणि ती गोडी मुलाने वडिलांकडून उचलली. ग्रहांना मात्र त्याने हात लावला नाही. तो थेट आकड्यांच्याच पत्रिका मांडायला लागला. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी., आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधक म्हणून नेमणूक नाही. सकाळी मुलांना भागाकार शिकवायचा आणि उरलेल्या वेळात स्वतः भागाकार करत बसायचं. दारुड्याला जशी नशा उतरू नयेसं वाटतं तसंच आपलं आकड्यांच्या बाबतीत आहे, असं ते स्वतःच सांगत. लोक त्यांना 'गणितानंद' म्हणत, आणि ते नाव त्यांनी आनंदाने घेतलंही.

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद, हर्ष देणारी. १४२८५७ च्या अंकांची बेरीज सत्तावीस, सत्तावीसने भागलं की बरोबर ५२९१. म्हणजे आमचं स्थळ दुसऱ्यांना हर्ष देतं, स्वतः मात्र आनंदी नाही. अशी दोन-तीन माणसं प्रत्येक कुटुंबात असतात आणि लग्नकार्यात सगळे त्यांनाच कामाला लावतात. परदेशात याच संख्यांना 'निव्हेन संख्या' असंही म्हणतात, कारण आयव्हन निव्हेन नावाच्या गणितज्ञांनी १९७७ च्या एका परिषदेत त्यांच्याविषयी सांगितलं. म्हणजे तिकडे माहेरचं नाव बदललं.

कापरेकरांनी संख्यांना दिलेली इतर नावं बघितली की त्यांचं कोकणस्थ-देशस्थ असं काही न विचारता थेट '-कर' लावण्याचं मराठी तंत्र लक्षात येतं. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, अशी जी डोंगर चढून उतरणारी संख्यांची रांग आहे तिच्या कुळाला त्यांनी नाव दिलं 'डेमलो'. हे एका रेल्वे स्थानकाचं नाव. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं हे स्थानक. या संख्यांचा अभ्यास करावा असं त्यांना तिथे सुचलं. स्थानकाचं आजचं नाव डोंबिवली. हे सांगितल्यावर मावशीचा स्थळाकडे बघण्याचा सूर एकदम बदलला. तिच्या फलाटावर गर्दीत उभं राहून माणसाला काही सुचू शकतं, यावर तिचा विश्वास बसेना. मी म्हटलं, तेव्हा जागा असेल.

दुसरं कूळ 'देवळाली संख्यां'चं. याची गंमत अशी. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. पंधरामध्ये सहा मिळवले की एकवीस. म्हणजे पंधरा हे एकवीसचे जनक. असं प्रत्येक संख्येला अपत्य असतंच, पण प्रत्येकीला जनक असतोच असं नाही. वीस बघा. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून वीस येत नाहीत. एकतीसही येत नाहीत, बेचाळीसही नाहीत. अशा अनाथ म्हणाव्या की स्वयंभू म्हणाव्या, ते तुमच्या श्रद्धेवर आहे. कापरेकरांचा कौल स्वयंभूकडे होता.

आता आमचं स्थळ. त्याला जनक आहे का? असेल तर तो नऊच्या पाढ्यातला असला पाहिजे, म्हणून मी १४२८५७ मधून नऊ-नऊ कमी करत मागे गेलो. १४२८४८ च्या अंकांची बेरीज सत्तावीस, हवी होती नऊ. १४२८३९ चीही सत्तावीस, हवी होती अठरा. १४२८३० ची अठरा, हवी होती नेमकी सत्तावीस! पलीकडे १४२८२१ ची अठरा, तिथे छत्तीस लागत होती. त्याच्या मागे कुणी असण्याची शक्यता नाही. स्थळ स्वयंभू आहे. आणि अपत्य बघा : १४२८५७ अधिक २७ म्हणजे १४२८८४, आणि १४२८८४ म्हणजे बरोब्बर ३७८ चा वर्ग. बापाचा पत्ता नाही आणि मुलगा चौकोनी निघाला.

तिसरी पदवी थेट त्यांच्या आडनावाची. कापरेकर संख्या. वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, तुकड्यांची बेरीज केली की मूळ संख्या परत यायला हवी. ४५ चा वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. आमच्या स्थळाचा वर्ग झाला २०४०८१२२४४९. तोडला २०४०८ ला. उरले १२२४४९. बेरीज केली आणि १४२८५७ पुन्हा दारात उभा. हर्षद, स्वयंभू आणि कापरेकर, तिन्ही एकाच अंगावर. देवळालीच्या मास्तरांनी वाटलेले तीन दागिने एका ठिकाणी बघून मी त्या कागदावर हळदीकुंकूच वाहायचं बाकी ठेवलं.

कापरेकरांचं नाव जगभर झालं ते मात्र वेगळ्याच कारणाने. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, चढत्या क्रमाने लावायचे, मोठ्यातून लहान वजा करायची. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वेळा, की ६१७४ येते आणि तिथेच खिळून बसते. हे त्यांना १९४६ मध्ये सापडलं, १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत त्यांनी ते मांडलं. मी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचं वर्ष घालून बघितलं. १९६० वरून ९४४१, मग ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. पूर्ण सात खेपा, एक कमी नाही. सरकारी म्हटल्यावर लवकर उरकण्याची अपेक्षाच चूक होती. आणि ६१७४ स्वतः हर्षद आहे. अंकांची बेरीज अठरा, अठराने भागलं की ३४३, म्हणजे सातांचा घन.

सहा अंकी संख्यांना असं सगळ्यांना सामावणारं एकच ठिकाण नाही. आमचं स्थळ या वजाबाकीच्या गिरणीत घातलं, तर ते ७५०८४३ ला जातं आणि मग सात थांब्यांच्या गोल फेरीत अडकतं. ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२. हा शेवटचा थांबा नीट बघा. आठ, पाच, एक, सात, चार, दोन. म्हणजे आपल्याच स्थळाचे सहा अंक, फक्त विस्कटलेले. चक्रीय माणसाला चक्राबाहेर काढलं तरी तो दुसऱ्या चक्रात जाऊन आपलीच माणसं गोळा करतो.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाला त्या काळी आपल्याकडच्या विद्यापीठीय गणितज्ञांनी फारसं जवळ केलं नाही. त्यांच्या लेखी हे पोरखेळ होते. कापरेकर स्वतःच्या खर्चाने परिषदांना जात, आपल्या पुस्तिका स्वतः छापून घेत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, आणि सत्तर वर्षांच्या निवृत्त मास्तरांची आपल्याकडेही नव्याने ओळख झाली. अमेरिकेहून पसंती आली की आपण मुलगा पुन्हा एकदा नीट बघतो.

नाकं मुरडणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं मात्र नाही. केंब्रिजचे हार्डी यांनी १९४० च्या आपल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्या घेतल्या आहेत. उलट्या लिहिलेल्या रूपाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. मग ते म्हणतात की हे कोड्यांच्या सदरात शोभेल, खऱ्या गणितज्ञाला यात काही राम वाटत नाही. आता बघा, हेच हार्डी पुटनीला रामानुजनांना भेटायला टॅक्सीने गेले, टॅक्सीचा १७२९ हा नंबर नीरस वाटला म्हणाले, आणि रामानुजनांनी अंथरुणातूनच सांगितलं की दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी ती सगळ्यात लहान संख्या आहे. तेव्हापासून ते दोघे आणि ती टॅक्सी अमर आहेत. हार्डींचं उरलेलं सगळं विश्लेषण किती जणांनी वाचलं असेल! आणि १७२९ हर्षदही आहे, १९ गुणिले ९१. हे हार्डींना कुणी सांगितलं नाही ते बरं झालं.

हार्डींचा मूळ आक्षेप समजण्यासारखा आहे. विभाजक हे संख्येचे रक्ताचे. तुम्ही तिला कशीही लिहा, सदतीस तिच्यात राहणारच. पण अंकांची बेरीज, अंक उलटणं, अंक फिरवणं, हे सगळं आपण दहा-दहांचे गट करून मोजतो म्हणून आहे. आणि आपण दहा-दहांनी का मोजतो, तर आपल्याला बोटं दहा आहेत म्हणून. आठ-आठांनी मोजणाऱ्याच्या वहीत १४२८५७ ही संख्या ४२७०११ अशी उतरेल आणि तिचा चक्रीय दिमाख खलास. न्यून मात्र ती तिथेही राहील. तूट बोटांवर अवलंबून नसते.

हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "पत्रिका पंचांग बदललं की बदलते. म्हणून काय कुणी पत्रिका बघायची सोडतं?"

कुणी सोडत नाही, हे खरं आहे. अमेरिकेत लीहाय विद्यापीठात अल्बर्ट विलान्स्की नावाचे प्राध्यापक होते. १९८२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की आपल्या मेहुण्याच्या सात अंकी टेलिफोन नंबरात एक गंमत आहे. त्या नंबराच्या अंकांची बेरीज आणि त्याच्या मूळ अवयवांच्या सगळ्या अंकांची बेरीज सारखीच येते. (नंबर इथे देत नाही. वाचक लावून बघतात.) मेहुण्याचं आडनाव स्मिथ, म्हणून अशा संख्या झाल्या स्मिथ संख्या. २२ ही आहे : दोन अधिक दोन चार, आणि दोन गुणिले अकराचे अंक मिळवले तरी चार. ६६६ ही आहे. मेहुण्याचा फोन नंबर दिसल्यावर त्याला फोन न करता त्याचे अवयव पाडायला घेणारा माणूस आणि त्यातून मेहुण्याला अजरामर करणारा माणूस एकच असतो, ही गोष्ट सासुरवाडीने लक्षात घेण्यासारखी आहे. आमचं स्थळ इथे मात्र थोडक्यात हुकलं. अंकांची बेरीज सत्तावीस, अवयवांच्या अंकांची पंचवीस. दोन गुण कमी पडले.

या सगळ्या नोंदी ठेवणारं एक भलंमोठं दफ्तरही आहे. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थी असताना संख्यांच्या रांगा जमवायला सुरुवात केली, आणि आज त्यांच्या विश्वकोशात साडेतीन लाखांहून जास्त रांगा आहेत. म्हणजे १४२८५७ ला पुरून उरतील इतकी मंडळं. त्यात आपलं स्थळ किती ठिकाणी नोंदलेलं आहे हे बघायला बसलं की दुपार जाते.

पण मला खरी काळजी शेजारच्याची वाटते. १४२८५८. दारावरची पाटी फक्त एकाने पुढे. टपालवाल्याचा घोळ व्हावा इतका जवळ. याची पत्रिका मांडायला बसलो आणि हात लावीन ते कोरं निघायला लागलं. विभाजक म्हणाल तर दोन आणि ७१४२९, आणि हा ७१४२९ मूळ संख्या असल्यामुळे त्याला पुढे नातेवाईकच नाहीत. अंकांची बेरीज अठ्ठावीस, अठ्ठावीसने भाग जात नाही, म्हणजे हर्षद नाही. आनंदी? १७४, ६६, ७२, ५३, ३४, २५ आणि पुन्हा तेच ते एकोणनव्वद. स्मिथ नाही. कापरेकर नाही. स्वयंभू तरी? तेही नाही, १४२८३५ अधिक २३ म्हणजे १४२८५८, बाप उघड उघड शेजारच्याच गल्लीत आहे. निदान घराण्याचा मान असेल म्हणून बापाच्या बापाचा शोध घेतला, तर बाप स्वयंभू निघाला. मुलाला जे मिळायला हवं होतं ते बापाने स्वतःकडेच ठेवलं.

गणितज्ञांकडे अशांसाठी एक समजुतीचा युक्तिवाद असतो. समजा काही संख्या अगदीच नीरस आहेत. मग त्यांतली सगळ्यात लहान कोणती? ती सगळ्यात लहान नीरस संख्या म्हणून प्रसिद्ध होईल, म्हणजे नीरस उरणार नाही. मग पुढचीची पाळी. असं करत एकही नीरस उरत नाही. हा युक्तिवाद बिनचूक आहे आणि १४२८५८ ला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण त्याचा नंबर लागायला त्याच्याआधीच्या सगळ्यांचं जमायला हवं.

तेव्हा मी मावशीचा मार्ग धरला आणि पंचांग बदललं. दहा-दहांनी मोजायचं सोडून दिलं. एक असा माणूस कल्पिला की ज्याला १४२८५७ बोटं आहेत. हा माणूस आपल्या बोटांएवढे गट करून मोजेल. त्याच्या वहीत आपला तो तिहेरी पदवीधर १४२८५७ नुसता '१०' असा लिहिला जाईल. ना चक्र, ना अंकांची फिरवाफिरव, बाजारात सुट्ट्यांसाठी पुढे करावी तशी संख्या. आणि १४२८५८ लिहिला जाईल '११'. उलटसुलट सारखा. सगळे अंक एकच, म्हणजे डेमलोच्या डोंगराचा पहिला दगड. अंकांची बेरीज दोन, आणि १४२८५८ सम असल्यामुळे दोनाने भाग जातो, म्हणजे हर्षदही. एवढं स्थळ चांगलं आहे. फक्त दिवाळीत त्या माणसाला मेंदी काढायला कोण बसवणार, तेवढं मावशीला विचारायचं राहिलं आहे.